सांकेतिक मजकुराची उकल पुस्तकात आणताना: लेखकानेच प्रकाशक व्हायचं ठरवलं तर

आमच्या गिरगावातल्या घराच्या माळ्यावर सासऱ्यांच्या आजोबांची एक वही निघाली. ते मशीद बंदरला धान्याच्या पेढीवर मेहताजी होते. वही मोडीतली, शके १८१४ची, म्हणजे इसवी सन १८९२च्या सुमाराची. मोडी मला येते, तरी ही वही वाचता येईना, कारण अर्ध्याहून जास्त पानांवर व्यंजनांच्या जागी निराळीच चिन्हं वापरलेली होती. ती उकलायला तीन वर्षं गेली आणि तिचं १६० पानांचं पुस्तक करायला आणखी दीड.

दोन प्रकाशकांना हस्तलिखित दाखवलं होतं. दोघांनाही गोष्ट आवडली, पण चिन्हांचे तक्ते काढून टाकावेत, वाचक कंटाळतील, असं दोघांचंही म्हणणं पडलं. तक्ते काढले तर त्या पुस्तकात माझ्या शब्दाखेरीज काहीच पुरावा उरत नव्हता. म्हणून ते स्वतःच काढलं. त्या दीड वर्षात जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. सगळ्याच्या मुळाशी एकच कसोटी आहे: मूळ पान आणि किल्ली, म्हणजे कुठलं चिन्ह कुठल्या अक्षराचं याचा तक्ता, वाचकाच्या हातात देऊन तुम्ही खोलीबाहेर गेलात, तरी त्याला तोच मजकूर मिळायला हवा. पुस्तकातला प्रत्येक निर्णय, अगदी कागदाचासुद्धा, या कसोटीवर घासून घ्या.

पहिली पायरी: उकल पक्की आहे का ते बघा

ही पायरी पुस्तकाच्या आधीची. हिच्यावर हवा तेवढा वेळ घालवा. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात अजून कुणालाच न उलगडलेलं व्हॉयनिच हस्तलिखित आहे. विल्यम न्यूबोल्ड या प्राध्यापकांनी १९२१ मध्ये ते सोडवल्याचं जाहीर केलं. अक्षरांच्या रेषांमध्ये भिंगातून दिसणाऱ्या बारीक खुणा म्हणजे गुप्त लघुलिपी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या निधनानंतर १९२८ मध्ये त्यावर पुस्तकही निघालं. १९३१ मध्ये जॉन मॅन्ली या अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्या खुणा म्हणजे वाळलेल्या शाईला गेलेले तडे होते आणि उरलेली पद्धत इतकी सैल होती की तिच्यातून हवा तो मजकूर काढता आला असता. न्यूबोल्ड विद्वान होते आणि प्रामाणिकही. आपल्या पद्धतीत किती मोकळीक आहे, हे मात्र त्यांनी मोजलं नव्हतं.

तुम्ही ती मोजा. हिशेब सोपा आहे. तुमच्या किल्लीत प्रत्येक चिन्हाला दोन अक्षरं चालत असतील, तर दहा चिन्हांच्या शब्दाची १,०२४ वाचनं होतात. त्यातलं एखादं अर्थपूर्ण निघणारच. वर अक्षरांचा क्रमही बदलायची मुभा घेतली असेल, तर जे सापडलं ते तुम्हीच तिथे ठेवलेलं असण्याची शक्यता फार मोठी आहे. मजकुराची लांबीही बघा. क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी १९४९ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, इंग्रजीत एका अक्षराला एक चिन्ह अशी साधी अदलाबदल असेल, तर उत्तर एकमेव ठरायला साधारण २८ अक्षरं लागतात. मजकूर त्याहून तोकडा असेल तर एकाहून अधिक उत्तरं तितकीच खरी वाटू शकतात. दोन ओळींच्या शिलालेखावर पुस्तक लिहायचं मनात असेल तर इथेच थांबून विचार करा.

मग आंधळी चाचणी. किल्ली एका कागदावर लिहा. तुमचं वाचन कधीच न पाहिलेल्या माणसाला ती किल्ली आणि मूळ दोन पानं द्या आणि मध्ये अजिबात बोलू नका. मी मोडी वाचणाऱ्या एका मैत्रिणीला चौदा ओळी दिल्या. अकरा जुळल्या. उरलेल्या तीन ओळींपायी मला कळलं की दोन वेगळी चिन्हं मी एकच समजून वाचत होते. ती चूक छापून गेली असती तर पुस्तकातलं चौथं प्रकरण सबंध खोटं ठरलं असतं.

दुसरी पायरी: पुस्तकाआधी लेख

आपली उकल कोणी चोरेल ही भीती सगळ्यांनाच असते. कायदा इथे नीट समजून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने तुमच्या मांडणीला, वाक्यांना आणि तुम्ही काढलेल्या तक्त्यांना संरक्षण मिळतं. ‘या चिन्हाचा अर्थ क’ या शोधाला मिळत नाही. लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी असल्यास साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. शोधाचं श्रेय मिळवायचा खरा मार्ग म्हणजे तो तारखेसह जाणकारांसमोर ठेवणं.

स्कॉटलंडची राणी मेरी हिची ५७ सांकेतिक पत्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होती. सूचीत मात्र ती इटलीसंबंधीची म्हणून नोंदलेली. जॉर्ज लासरी, नॉर्बर्ट बीरमान आणि सातोशी तोमोकियो या तिघांनी ती उलगडली आणि २०२३ मध्ये ‘क्रिप्टोलॉजिया’ या नियतकालिकात पद्धत, चिन्हतक्ता आणि शंका यांसकट सगळं मांडलं. तुमचा विषय महाराष्ट्राच्या इतिहासातला असेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी आधी लेख पाठवा. आठ-दहा पानांच्या लेखावर जे आक्षेप येतील ते पाचशे प्रती छापल्यावर येण्यापेक्षा कितीतरी बरे.

परवानग्या

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. कागद जुना म्हणजे मोकळा, असं नसतं. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजली जातात. म्हणून घरातली वही असली तरी वारसांची संमती लेखी घ्या. मी चार चुलत घरांच्या सह्या घेतल्या. एका काकूंनी आधी साफ नकार दिला होता. वहीत उधारीची नावं आहेत, ती बाहेर जायला नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते रास्तच होतं. ती नावं मी आद्याक्षरांवर ठेवली आणि तसं प्रस्तावनेत लिहिलं.

कागद काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारातले असोत, टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीतले किंवा एखाद्या मठातले, वाचायची परवानगी वेगळी आणि छायाचित्र पुस्तकात छापायची परवानगी वेगळी. दुसरी मागताना अर्जात पानांचे क्रमांक, प्रतींची संख्या आणि ई-पुस्तक काढणार का, हे सगळं एकदम लिहा. ई-पुस्तकासाठी नंतर पुन्हा खेटे घालायची वेळ स्वतःवर आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी ते घातले आहेत.

लिहिताना

मराठी वाचकाला अक्षरांची अदलाबदल नवी नाही. शाळेत आपण सगळेच ‘च’ची भाषा बोललो आहोत. सुरुवात तिथून करा. मग वाचकाला आपल्याच परंपरेतून पुढे न्या. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक लेखन येतं. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांमध्ये शतकानुशतकं जपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी त्यांतल्या सकळ लिपीचा उलगडा मांडला आणि जुन्या मराठी गद्याचा केवढा साठा अभ्यासकांना खुला झाला. हे वाचल्यावर वाचकाला तुमची वही कुठल्या घराण्यातली ते कळतं.

उकलीची प्रकरणं घडल्या क्रमाने लिहा, फसलेल्या प्रयत्नांसकट. सगळ्यात जास्त जागा पहिल्या फटीला द्या, म्हणजे कुठल्या शब्दावर लिपीने प्रथम दार उघडलं त्याला. आपल्याकडे याला मोठा आधार आहे. जुनी पत्रं ठरलेल्या मायन्यात असायची: वर ‘श्री’, पुढे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती’. सांकेतिक पत्राच्या शेवटाला ‘विनंती’ बसते का, हे बघण्याइतकी चांगली सुरुवात नाही, कारण त्या एका शब्दात ‘न’ आणि ‘त’ हाती लागतात आणि हाच शब्द मायन्यातही तपासता येतो. माझ्या वहीत पत्रं नव्हती, हिशेब होते. तिथे ‘मिती’ आणि ‘रुपये’ यांनी वाट दाखवली.

वारंवारता, म्हणजे कुठलं अक्षर किती वेळा येतं, ते मोजलं असेल तर काय मोजलं ते वाचकाला स्पष्ट सांगा. ‘क्षि’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. संगणक तिथे चार घटक मोजतो: क, हलन्त, ष आणि इकार. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत, पण त्यांचे आकडे वेगळे येतात. मोडी असेल तर आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहायची पद्धत असल्याने शब्द सुटे नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणजे शब्द तुम्ही तोडले आहेत. जिथे तोडण्याबद्दल शंका आहे तिथे तसं लिहा. संशयित वाचन चौकटी कंसात, न लागलेलं चिन्ह टिंबाने, फाटलेली जागा रेघेने, असा एक नियम ठरवून पहिल्याच पानांत द्या आणि शेवटपर्यंत पाळा.

टंक आणि मांडणी

इथे आपल्या पुस्तकाचं नेहमीच्या पुस्तकांपेक्षा वेगळं काम सुरू होतं. अक्षरजुळणी करणारे अनेक जण आजही जुन्या टंकांमध्ये (फाँटमध्ये) काम करतात, ज्यांत युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, नसते. कादंबरीला ते चालून जातं. आपल्या पुस्तकाला अजिबात नाही, कारण एका टंकातून दुसऱ्यात नेताना एखादं चिन्ह गुपचूप बदलतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीपासून युनिकोडचाच आग्रह धरा. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली आहे आणि तिचे मोफत टंकही मिळतात, त्यामुळे मोडीतला मजकूर चित्र म्हणून चिकटवायची गरज राहिलेली नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रणालीत देवनागरीची जोडाक्षरं फुटत असतील तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

वहीतली चिन्हं कुठल्याच लिपीत बसत नसतील तर दोन वाटा आहेत. एक, प्रत्येक चिन्हाला क्रमांक द्यायचा आणि चिन्हांचं चित्र फक्त तक्त्यात एकदा दाखवायचं. दुसरी, फाँटफोर्ज या मोफत साधनात स्वतःचा टंक करायचा आणि चिन्हं युनिकोडच्या खासगी वापराच्या जागेत बसवायची. दुसरी वाट कष्टाची आहे, पण वाचक मूळ ओळ आणि छापील ओळ शेजारी ठेवून चिन्हागणिक ताडून बघू शकतो. मी ती घेतली. एकोणतीस चिन्हं काढायला पावसाळ्याचे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत वही मला जितकी कळली तितकी तीन वर्षांत कळली नव्हती.

पानाची रचना ठरवताना समोरासमोरची दोन पानं एकत्र बघा. डावीकडे मूळ पानाचं छायाचित्र. उजवीकडे ओळीओळीने तीन थर: सांकेतिक मजकूर, त्याखाली अक्षरं, त्याखाली आजचं मराठी. ओळींचे क्रमांक मूळ पानाप्रमाणेच. सांकेतिक मजकुराची ओळ मध्येच मोडू द्यायची नाही, त्यातलं अंतर आपोआप ताणू द्यायचं नाही, आणि स्वयंदुरुस्तीची सगळी बटणं बंद. किल्लीचा तक्ता घडीच्या पानावर देता आला तर उत्तम. नाही तर तो शेवटच्या पानावर, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला द्या, म्हणजे बोट ठेवून वाचता येतं.

मुद्रितशोधन

नेहमीचा मुद्रितशोधक मराठी तपासेल. सांकेतिक ओळी तपासणं त्याचं काम नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नका. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने मूळ छायाचित्रावरून चिन्हांची नावं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील प्रुफावर टिंब करत जायचं. मी आणि माझ्या जाऊबाईंनी हे रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर केलं. तासापेक्षा जास्त केलं की डोळे फसतात.

त्यानंतरची तपासणी खरी. छापखान्यात जाणाऱ्या अंतिम पीडीएफमधूनच, तुमच्या संगणकावरच्या मूळ फाइलमधून नव्हे, सांकेतिक ओळी वाचून किल्ली लावून पहिल्यापासून उलगडा करा. जो मजकूर येईल तो छापील उलगड्याशी ताडा. मला या टप्प्यावर सात चुका सापडल्या. त्यातल्या दोन माझ्याच उकलीतल्या होत्या. एवढ्या वर्षांत कुणाच्याच नजरेला पडल्या नव्हत्या. पीडीएफ करताना सगळे टंक आत बांधले गेले आहेत याची खात्री करा, आणि छापखान्यातून एक नमुना प्रत हातात घेऊन चिन्हांची पानं बघितल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.

आयएसबीएन, छपाई आणि पैसे

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो आणि तो मोफत आहे. स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही मिळतो, त्यामुळे त्यासाठी कुणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका. छापील पुस्तकाला एक क्रमांक आणि ई-पुस्तकाला वेगळा. अर्ज मांडणी चालू असतानाच करून टाका, कारण क्रमांक हातात आल्याशिवाय मलपृष्ठ पूर्ण होत नाही.

पानांची संख्या फॉर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घालायच्या पानांच्या गटाच्या, हिशेबात ठेवा. डेमी आकारात फॉर्मा सोळा पानांचा धरतात. १६० पानांचे बरोबर दहा फॉर्मे होतात. मजकूर १६३ पानांवर गेला तर अकराव्या फॉर्म्याचा खर्च येतो आणि तेरा पानं कोरी जातात. अशा वेळी प्रस्तावनेतून तीन पानं काढा, तक्त्यांतून काढू नका. कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड मॅपलिथो डोळ्यांना चांगला, पण हस्तलिखिताची छायाचित्रं असतील तर मागचं पान झिरपून दिसतं. माझा सल्ला ८० जीएसएमचा आहे. आणि शिलाई घ्या. हे पुस्तक लोक टेबलावर उघडं ठेवून वापरतात, नुसत्या डिंकाची बांधणी त्याने महिन्यात सुटते.

शंभर-दीडशे प्रतींसाठी डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेट, असा ढोबळ हिशेब. पहिल्या आवृत्तीला दोनशेच्या वर जाऊ नका. मुंबईत घरात पाचशे पुस्तकं ठेवायची म्हणजे पलंगाखालची जागा गेली, आणि पावसाळ्यात गठ्ठ्यांना दमट वास येतो तो निराळाच.

किंमत उलट्या बाजूने काढा. समजा प्रतीचा खर्च ११० रुपये आला. विक्रेत्यांची सवलत ४० टक्के धरली तर २५० रुपये किमतीवर तुमच्या हाती १५० येतात आणि प्रतीमागे ४० उरतात. त्यातूनच भेटीच्या, अभिप्रायाच्या आणि खराब झालेल्या प्रती निघायच्या असतात. हे आकडे फक्त रीत कळावी म्हणून दिले आहेत. तुमच्या छापखान्याचं दरपत्रक समोर ठेवून स्वतःचे घाला. मी दादरच्या दोन दुकानांत दहा-दहा प्रती विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवल्या, बाकी थेट वाचकांना टपालाने पाठवल्या. डाकघराची ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि त्यावर कर, असा तिचा सुरुवातीचा दर ठरला होता. मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव पुस्तकावर असावं लागतं. तुम्हीच प्रकाशक असल्याने ते श्रेयनामावलीच्या पानावर छापायला विसरू नका.

प्रसिद्धीनंतर

१९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला, दिल्ली पब्लिक लायब्ररीला आणि आपल्या मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यायची असते. हे मी कर्तव्य म्हणून केलंच, पण आपल्या विषयात त्याला वेगळं मोल आहे: पन्नास वर्षांनी कुणाला तुमची उकल तपासावीशी वाटली तर प्रत सापडायला हवी. कायद्यात नसली तरी पाचवी प्रत दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्या, आणि सहावी ज्या संस्थेने कागद दाखवले तिला.

चूक कळवणारी पत्रं येतील. त्या दिवशी लगेच उत्तर लिहू नका. मूळ पानाचं छायाचित्र काढा, ओळ मोजा, चिन्ह बघा, मग लिहा. चूक खरी असेल तर शुद्धिपत्राचा कागद छापून उरलेल्या प्रतींत घाला आणि सुचवणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नावही त्यावर द्या.

माझ्या वहीचं शेवटचं पान अजून लागलेलं नाही. तिथे चिन्हं तीच आहेत, पण किल्ली चालत नाही. बहुधा ती तिथे बदललेली आहे. ते पान मी पुस्तकात मुद्दाम घातलं. शेवटून दुसऱ्या पानावर छायाचित्र, समोर सांकेतिक ओळी, आणि प्रत्येक चिन्हाखाली पेन्सिलीने लिहिता येईल एवढा रिकामा चौकोन. आतापर्यंत चौघांनी ते चौकोन भरून मला फोटो पाठवले आहेत. चौघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. चारही मी आंधळ्या चाचणीसाठी त्याच मैत्रिणीकडे दिली आहेत.